नाही म्हणणारा दुकानदार

आमच्या गावात कापडाचं एकच दुकान होतं. तुरीची पट्टी हातात पडली की बाबा आम्हा भावंडांना तिथं घेऊन जायचे, एकाच ताग्यातून तिघांच्या शर्टांचं कापड फाडलं जायचं आणि आमची दिवाळी व्हायची. बारावीत असताना मी त्या दुकानात पहिल्यांदा एकटा गेलो. खुंटीला टांगलेली एक निळी जीन्स मनात भरली होती, खिशात पैसे नव्हते. दुकानदार आप्पांनी वही काढली, बोट फिरवत आमच्या नावापर्यंत आले आणि म्हणाले, "मागचे साडेचारशे हायत अजून. बाबाला घेऊन ये, मग बघू." दुकानात चार माणसं बसलेली होती. मान खाली घालून मी बाहेर पडलो. कितीतरी दिवस आप्पांचा राग मनात होता.

आता तीस वर्षं झाली. लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. वर्गात पोरांच्या तोंडाकडे बघताना आप्पांचं ते 'मग बघू' पुन्हा पुन्हा आठवतं, कारण या पोरांना 'मग बघू' म्हणणारं कुणी उरलेलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर ट्युशन एरियातल्या एका खोलीवर गेलो होतो. माझाच जुना विद्यार्थी, एकोणीस वर्षांचा, नीटचा दुसऱ्यांदा रिपीटर. महिनाभर क्लासला गेला नव्हता, म्हणून त्याच्या रूम पार्टनरने मला फोन केला होता. खोलीत एक खाट, एक टेबल, भिंतीवर सेंद्रिय रसायनाचे तक्ते. खाटेखाली पार्सलं. आम्ही दोघांनी ती बाहेर ओढून मोजली. चौदा भरली. त्यातली नऊ फोडलेलीसुद्धा नव्हती, चिकटपट्टी जशीच्या तशी. फोडलेल्यांत दोन घड्याळं होती, एक हेडफोन होता, केस कुरळे करायचं एक यंत्र होतं, का ते त्यालाही सांगता येईना. बुटांचा एक जोड त्याच्या मापाचाच नव्हता आणि परत करायची मुदत उलटून गेली होती. पाच ॲपवरून घेतलेलं कर्ज मिळून एक्केचाळीस हजार. घरी चार एकर कोरडवाहू.

"का रे मागवतोस एवढं?" मी विचारलं.

बराच वेळ तो नखाने चिकटपट्टी उकलत बसला. मग म्हणाला, "मागवताना लई बरं वाटतंय सर. पार्सल निघालं, पुण्याला आलं, लातूरला पोचलं, हे बघत बसतो. टेस्टला मार्क कमी पडले की त्या रात्री एक मागवतो. हातात आलं की कायच वाटत नाही."

मानसशास्त्राचं पुस्तक त्याने उघडलेलं नाही, पण हे त्याने अगदी नेमकं सांगितलं. वोल्फ्राम शुल्त्झ या मेंदूशास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग या क्षेत्रात प्रसिद्ध आहेत. माकडाला फळाचा रस मिळाला की मेंदूतल्या, डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी चेतायच्या. पुढे रस येण्याआधी एक खूण दाखवायला सुरुवात केली, तशा त्या पेशी रसाऐवजी खुणेलाच चेतू लागल्या. ठरलेला रस प्रत्यक्ष तोंडात पडला तेव्हा त्यांच्यात विशेष हालचाल दिसेना. मेंदूतला हा भाग चाहुलीला भुलतो. खरेदीच्या ॲपवर पार्सल कुठवर आलं हे दाखवणारी जी रेघ असते, ती म्हणजे चार-पाच दिवस पुरणारी चाहूल. वस्तू हा तिचा शेवट. म्हणून तर नऊ खोकी बंद राहिली.

अशी खरेदी आवरताच न येणं हा आजार आहे, आणि त्याची नोंद शंभर वर्षांहून जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एमिल क्रेपेलिन या जर्मन मनोविकारतज्ज्ञाने खरेदीच्या अनावर ओढीचं वर्णन करून ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू झाली. तिच्यात आवेगावर ताबा न राहण्याच्या विकारांमध्ये हा एक नमुना म्हणून आलेला आहे. वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र करून २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात प्रौढांमध्ये हे प्रमाण सुमारे ४.९ टक्के आणि विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांमध्ये ८.३ टक्के निघालं. आकडे बाहेरचे आहेत, पण तरुण वयात ओढ जास्त, ही गोष्ट आपल्याकडेही पटण्यासारखी आहे. मोह आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत घडत असतो, हे तर आता सर्वमान्य आहे.

शंभरातली उरलेली नव्वद-पंच्याण्णव मुलं आजारी नाहीत. त्यांनी हौस करावी. परभणीच्या पोरीने कॉलेजच्या गॅदरिंगला नवा ड्रेस घेतला म्हणून तिला उधळी म्हणणाऱ्यांतला मी नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. खरेदीच्या वाटेवर पूर्वी जागोजागी अडथळे होते. तालुक्याला जायला एसटी पकडावी लागे, गुरुवारच्या किंवा सोमवारच्या बाजाराची वाट बघावी लागे, रोख मोजावी लागे, बापाला विचारावं लागे, आणि आप्पा वहीवर बोट ठेवून बसलेले असत. ते सगळे अडथळे गेल्या दहा वर्षांत एकेक करून काढून टाकले गेले, आणि आता आपण त्या पोराला सांगतो की बाबा रे, संयम ठेव. पूर्वी जो 'नाही' गाव, दुकान, घर आणि खिसा मिळून म्हणत होते, तो आता रात्री साडेअकराला अंधाऱ्या खोलीत एकट्या पोराने म्हणायचा आहे. समोर 'हो' म्हणवून घेण्यात मुरलेली यंत्रणा आहे. ही लढत बरोबरीची नाही, आणि ती हरल्याबद्दल पोराच्या संस्कारांना दोष देणं मला अन्यायाचं वाटतं.

पैसे देतानाची टोच घ्या. शंभराच्या नोटा मोजून देताना जिवावर येतं, कार्ड देताना तेवढं येत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये ड्रेझन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी ते मोजून बघितलं. त्यांचा शोधनिबंध २००१ सालचा. बास्केटबॉलच्या सामन्याची तिकिटं विद्यार्थ्यांसमोर लिलावाला ठेवली. निम्म्यांना सांगितलं रोख द्यायची, निम्म्यांना सांगितलं कार्डाने द्यायचं. कार्डवाल्यांची बोली रोखवाल्यांच्या दुपटीहून जास्त गेली. शिकलीसवरलेली, व्यवस्थापनाचे धडे घेणारी मुलं होती ती. आपल्याकडे २०१६ साली यूपीआय आलं. त्याचे उपकार मोठे आहेत; बापाने गावाहून मुलाच्या मेसचे पैसे बसल्या जागी पाठवावेत, ही सोय मी डोळ्यांनी बघतो आणि मला तिचं कौतुक आहे. पण त्याच सोयीने नोट हातातून सुटतानाची टोच नाहीशी केली. माझ्या वर्गातल्या मुलांना काल किती खर्च केला विचारलं तर पन्नास-शंभरचा फरक पडतो. महिन्याचं विचारलं तर सांगताच येत नाही.

आता बापाच्या हिशोबाने बघा. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि लातूरच्या आडतीत शेतकऱ्याला भाव मिळत होता त्याहून खाली. चार हजार धरले तर वीस हजारांचा मोबाईल म्हणजे पाच क्विंटल सोयाबीन. कोरडवाहू एकराला साधारण वर्षी सहा-सात क्विंटल निघालं तरी माणूस समाधानी असतो, आणि त्यातून बियाणं, खत, फवारणी, काढणी, मळणी वजा जाते. माझ्या विद्यार्थ्याचं एक्केचाळीस हजारांचं कर्ज म्हणजे दहा क्विंटलांवर सोयाबीन. हा हिशोब मी त्याच्याच वहीच्या मागच्या पानावर मांडला. त्याने तो याआधी कधी केला नव्हता. मूर्ख आहे म्हणून नव्हे. ज्या पडद्यावर तो खरेदी करत होता तिथं आकडा क्विंटलांत कधी दिसतच नाही, 'फक्त ४९९ महिना' असा दिसतो.

आणि हे महिन्याचं हप्तेप्रकरण आम्हा मराठवाड्याच्या लोकांना नवं वाटण्याचं कारण नाही. बीडच्या, धाराशिवच्या, जालन्याच्या ऊसतोड मजुराला विचारा. दसऱ्याच्या आधी मुकादमाकडून उचल घ्यायची, ती पोरीच्या लग्नात किंवा दवाखान्यात संपवायची आणि मग नवरा-बायकोने सहा महिने फडात कोयता चालवून ती फेडायची. घाम गाळायच्या आधीच घामाचे पैसे संपलेले. ती उचल नाइलाजाची होती आणि आजही आहे. पण तिचं सूत्र काय, तर उद्याचं आयुष्य आज गहाण. 'आत्ता घ्या, नंतर भरा' या बटणामागे तेच सूत्र आहे. उचल फेडण्यासाठी ज्या आईने पाचट तुडवलं, तिच्या शिकलेल्या मुलाला ते बटण 'सवलत' म्हणून दाखवलं जातं.

व्याजाचंही तसंच. गावातला सावकार शेकडा तीन रुपये महिना लावतो म्हटलं की आपल्या अंगावर काटा येतो. वर्षाचे छत्तीस टक्के. थकलेल्या क्रेडिट कार्डावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज लागतं, वर्षाचे बेचाळीस. हे वर्गात फळ्यावर लिहिलं तेव्हा शेतकऱ्यांची मुलं गप्प झाली. सावकाराचा शेकडा त्यांना तोंडपाठ होता, कार्डाचा शेकडा त्यांनी कधी काढलाच नव्हता. 'नो कॉस्ट ईएमआय'चंही हेच. शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वातच नसतं, असं रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं; ते व्याज कुठेतरी किमतीत नाहीतर प्रक्रिया शुल्कात मुरवलेलं असतं. पण सावकाराच्या दारात उभं राहताना माणसाला लाज वाटायची, कुणी बघतंय का म्हणून तो मागेपुढे बघायचा. ॲपवर कुणी बघत नाही. कर्ज लपलं, पार्सल लपलं, आणि मुलगाही हळूहळू लपला. त्या खोलीत मला सगळ्यात जास्त टोचलं ते हे, की रूम पार्टनर सोडला तर जगात कुणालाच काही माहीत नव्हतं.

इथं मला माझ्याच म्हणण्याविरुद्ध एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती खरी आहे. नाही म्हणणारा दुकानदार सगळ्यांना सारखा नाही म्हणत नव्हता. मला आप्पांनी वहीकडे बघून परत पाठवलं. माझ्या वर्गातल्या एका मित्राला लोक त्याच्या वस्तीकडे बघून ताटकळत ठेवायचे. तो ओट्याखाली उभा राहायचा आणि त्याला दाखवलेलं कापड वेगळं असायचं. मुलींना तर दुकानात तोंड उघडायचीही मुभा नव्हती, आई नाहीतर मावशी बोलायची. १९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना सांगितलं होतं की अंगावरच्या लुगड्यावरून आणि दागिन्यांवरून जात ओळखू येते, ती पद्धत टाकून द्या, स्वच्छ राहा, इतर बायका नेसतात तसं नेसा. म्हणजे आपल्या समाजात कपडा ही निव्वळ चैन कधीच नव्हती. माणूस म्हणून उभं राहण्याचा तो एक भाग होता. आज केज तालुक्यातल्या वस्तीवरची मुलगी कुणाची नजर न झेलता, कुणाच्या पाया न पडता, पुण्याच्या मुलीने घेतला तोच कुर्ता मोबाईलवर मागवते, तेव्हा जे मोकळेपण तिला मिळतं ते मला परत घ्यायचं नाही. जुना बाजार परत आणा असं म्हणणाऱ्यांनी आधी त्या ओट्याखाली उभं राहून बघावं.

पण बाजाराने नेमकी हीच भूक ओळखली आहे. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या मान मिळाला नाही, ज्याच्या गावात पाऊस फसला की वर्ष फसतं, ज्याला शहरात पाऊल टाकल्या टाकल्या बोलीवरून आणि बुटांवरून तोलतात, त्याला वस्तूच्या रूपात मान विकणं सोपं असतं. थॉर्स्टीन व्हेब्लेन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १८९९ साली दाखवण्यासाठीच्या खर्चाबद्दल लिहिलं, तेव्हा त्याच्यासमोर अमेरिकेतले धनवान होते; पण खालच्या थरातला माणूसही या ओढीतून सुटत नाही, हे त्यानेही ओळखलं होतं. लातूर पॅटर्नच्या वर्गात शंभर पोरं शेजारी शेजारी बसतात. एक डॉक्टरचा मुलगा, एक अहमदपूरच्या ठिबकवाल्या शेतकऱ्याचा, एक ऊसतोड मजुराचा. गुणांत मागे पडलेलं पोर बुटांत तरी पुढे जाऊ बघतं. त्याला आम्ही शिक्षक दुसरं काय देतो? गुणांच्या यादीतला क्रमांक.

आणि वडीलधाऱ्यांनी तरी कुठल्या तोंडाने बोलायचं? ऋण काढून सण करू नये ही म्हण आपणच सांगायची आणि पोरीच्या लग्नात हजार पानं उठवायला दोन एकर विकायचे. ट्रॅक्टरला काम नसताना शेजाऱ्याच्या दारात आला म्हणून आपल्याही दारात आणायचा. वाढदिवसाला चौकात बॅनर लावायचे. मान वस्तूत असतो, हा धडा पोरांना मोबाईलने दिलेला नाही. तो घरातच मिळाला, मोबाईलने फक्त त्याचं दुकान खिशात आणून ठेवलं.

टंचाईचाही एक भाग यात आहे, ज्याकडे कुणी फारसं बघत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तामिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या आकलनाच्या चाचण्या दोनदा घेतल्या होत्या, एकदा उसाचे पैसे मिळण्याआधी आणि एकदा मिळाल्यावर. तोच माणूस पैशाच्या ओढाताणीत असताना चाचणीत मागे पडला. डोकं रोजच्या टंचाईत गुंतलेलं असलं की लांबचा विचार करायला ते शिल्लकच राहत नाही. एक दिवस मेसला दांडी मारून पैसे वाचवणारा मुलगा रात्री हजाराचं घड्याळ मागवतो, तेव्हा लोक म्हणतात, बघा याची अक्कल. मला तो थकलेला दिसतो.

मग करायचं काय? सगळ्यात आधी, बाजारात पुन्हा अडथळे आणायचे, पण या वेळी जात आणि लिंग न बघणारे. काही अडथळे कायद्यात आलेले आहेत आणि लोकांना ठाऊकच नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली डिजिटल कर्जासाठी नियम केले: कर्जदाराला विचार बदलायला मुदत द्यायची, त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून त्याला बाहेर पडता आलं पाहिजे, कर्जाची मर्यादा त्याच्या स्पष्ट संमतीशिवाय वाढवायची नाही, फोनमधले नंबर आणि फोटो चाळायचे नाहीत. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नावानिशी सांगून त्यांना मनाई केली. 'फक्त दोनच शिल्लक' अशी खोटी घाई करणं, टोपलीत न मागितलेली वस्तू गुपचूप टाकणं, 'नको' म्हणणाऱ्याला ओशाळं करणं, हे सगळं त्यात आहे. जून २०२५ मध्ये कंपन्यांना सांगितलं की तीन महिन्यांत तुमचं तुम्हीच तपासा. माझा आक्षेप इथंच आहे. दुकानदाराने आपलं वजनमाप आपणच तपासावं असं आपण कधी म्हटलं होतं का? तराजूवर सरकारी शिक्का लागतो, तसा या पडद्यांवरही लागला पाहिजे. आणि पंचवीस वर्षांखालच्या मुलाला खरेदीसाठी उसने पैसे द्यायचे असतील, तर मागणी आणि मंजुरी यांत किमान एक रात्र जाऊ द्यावी. एवढी एकच सक्ती झाली तरी निम्मी पार्सलं निघणारच नाहीत, असं मला अनुभवाने वाटतं.

शाळा-महाविद्यालयांत आम्ही चक्रवाढ व्याज सूत्र म्हणून शिकवतो, कार्डाचं बिल समोर ठेवून शिकवत नाही. ते मी सुरू केलं आहे. आणि ज्याची ओढ खरोखर हाताबाहेर गेली आहे त्याला उपदेशाची नाही, उपचारांची गरज असते. विचार आणि वागणुकीवर काम करणाऱ्या समुपदेशनाचा यात उपयोग होतो. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि तिथं मराठीत बोलता येतं. दारू सोडवायला माणसाला नेतात तसं याला कुणी नेत नाही, कारण व्यसन म्हणून ते अजून कुणाला दिसत नाही.

त्या मुलाच्या वडिलांना मी बोलावून घेतलं. मुलगा नको म्हणत होता, रडत होता. वडील एसटीने आले, खाटेवर बसले, चौदा खोकी बघितली. मला वाटलं आता कानाखाली बसणार. त्यांनी एक खोकं हातात घेतलं, हलवून बघितलं आणि विचारलं, "ह्यात काय हाय?" मुलगा म्हणाला, "मला आठवत नाही आबा." मग दोघांनी मिळून एकेक खोकं फोडलं. तीन वस्तू परत गेल्या, काही मित्रांना निम्म्या किमतीत दिल्या. कर्ज वडिलांनी सोयाबीनच्या पैशातून फेडलं आणि मला म्हणाले, "सर, त्याला रागावू नका. आम्ही बी त्याला कधी सांगितलंच नाही, घरात काय येतंय अन् काय जातंय."

मुलगा आता समुपदेशनाला जातो. ॲप काढली, तीन पुन्हा आली, पुन्हा काढली. आमच्यात एक ठरलं आहे. पाचशेच्या वरचं काही घ्यायचं असेल तर त्याने आधी मला फोन करायचा, रात्री कितीही वाजता. मी फक्त एवढंच म्हणतो, "उद्या संध्याकाळी सांग, मग बघू." मागच्या महिन्यात चारदा फोन आला. तीनदा दुसऱ्या दिवशी त्याने विषयच काढला नाही. चौथ्यांदा त्याने स्वेटर घेतला, गंजगोलाईतल्या दुकानातून, रोख मोजून, आणि तो अंगात घालूनच कॉलेजच्या फाटकाशी मला दाखवायला आला.